मे महिन्यातली प्रयोगशाळा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, ते सर आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. स्वतःविषयी कुणी चार चांगले शब्द बोलायला लागलं की ते खुर्ची सोडून उठायचे. म्हणून आज त्यांच्याविषयी न बोलता त्यांच्या कामाच्या जागेविषयी बोलते. विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "काहून बाई, पाण्यात ॲसिड टाका, ॲसिडमध्ये पाणी टाकू नका, हे सांगायला तुम्हाला अख्खा तास लागते काय?" प्रश्न रास्त आहे. सुरक्षिततेच्या नियमांचा तक्ता बहुतेक प्रयोगशाळांच्या भिंतीवर असतो आणि त्यात लिहिलेलं खरंच असतं. पण तो तक्ता ज्या हवेत बसून कुणीतरी लिहिला, ती हवा आपल्या नागपूरची नाही. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे. मात्र त्यातून बरंच काही निघतं.

रसायनशास्त्राच्या पुस्तकात खोलीचं तापमान म्हणजे 25 अंश सेल्सियस. पदार्थ स्थायू आहे की द्रव, शांत आहे की भडकणारा, ही सगळी वर्णनं त्या 25 अंशांना धरून केलेली असतात. आता आपल्या खोलीचं तापमान सांगा. एप्रिलच्या मध्यावर पारा 42-43 वर असतो, मे महिन्यात 45 च्या पुढे जातो आणि नवतपा कडक निघाला तर 47 लाही शिवून येतो. हे झालं सावलीतलं, हवामान खात्याच्या पेटीतलं. पश्चिमेकडे खिडकी असलेल्या, वरच्या मजल्यावरच्या, पंखे बंद आणि दारं बंद अशा प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात काय असेल, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या घरच्या गच्चीवरून करावा.

दोन-तीन पदार्थ घेऊन पाहू. जीवशास्त्राच्या कपाटात पूर्वी हमखास ईथरची बाटली असायची. किडे, माश्या, बेडूक बेशुद्ध करायला. काही ठिकाणी अजून आहे. ईथर 34.6 अंशांना उकळतं. म्हणजे पुस्तकातला हा द्रव नागपुरात मार्चअखेरीस दुपारी दोन वाजता बाटलीतच उकळायच्या बेताला येतो. बूच घट्ट असेल तर आत दाब वाढतो, सैल असेल तर वाफ बाहेर येते. ती वाफ हवेपेक्षा अडीचपट जड, त्यामुळे वर न जाता जमिनीलगत सरपटत जाते आणि चार टेबलांपलीकडे पेटलेल्या दिव्यापर्यंत पोचते. दिवा लावणारा म्हणतो, मी तर ईथरजवळ गेलोच नव्हतो. तो खोटं बोलत नसतो.

दुसरा पदार्थ पांढरा फॉस्फरस. हवेत साधारण 30 अंशांच्या आसपास तो आपोआप पेट घेतो, म्हणून पाण्याखाली ठेवतात. पुण्यातल्या मास्तरांसाठी ही काळजीची गोष्ट आहे; आपल्याकडे वर्षातले आठ महिने तरी तो पदार्थ आणि आग यांच्यामध्ये फक्त ते बोटभर पाणी उभं असतं. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात पाण्याचं काय होतं, ते रोज सकाळी कूलर भरणाऱ्याला विचारा.

तिसरा अगदी साधा, स्पिरिट. द्रवाच्या वर पेट घेण्याइतकी वाफ जमायला लागते, त्या तापमानाला प्रज्वलनांक म्हणतात. मद्यार्काचा तो 13 ते 17 अंशांच्या दरम्यान आहे. थंड देशातल्या हिवाळी प्रयोगशाळेत सांडलेलं स्पिरिट काही क्षण तरी सवड देतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा सोडल्या, तर ते कायम या रेषेच्या वरच असतं, आणि पहाटे शाळा भरत नाही. एक ढोबळ नियमही इथे ध्यानात ठेवावा: तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक अभिक्रियेचा वेग सुमारे दुपटीने वाढतो. 20 अंशांना घडणारी गोष्ट 45 अंशांना साडेपाचपट वेगाने घडू शकते. आधीचं वर्ष पाचगणीत शिकवून इथे बदलून आलेल्या शिक्षकाने हा एक हिशेब पहिल्या दिवशी करावा.

आता या सगळ्याला शाळेच्या वेळापत्रकाशी जोडून पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे जूनअखेर येते. मेच्या सुरुवातीला सुट्टी लागते. म्हणजे वर्षातले सर्वांत तापलेले सात-आठ आठवडे प्रयोगशाळेचं दार बंद असतं. वीज मुख्य बटणापासून बंद, खिडक्या वादळवाऱ्याच्या भीतीने बंद, आणि आत ईथर, स्पिरिट, ॲसिटोन, अमोनिया, नायट्रिक आम्ल हे सगळे मुक्कामाला. आपण अपघाताचा विचार करतो तेव्हा डोळ्यांसमोर प्रॅक्टिकलचा तास येतो: गडबड, धक्काबुक्की, फुटलेली परीक्षानळी. ते असतंच. पण शाळेच्या प्रयोगशाळेत मोठा धोका तयार होतो तो कुणी नसताना, कपाटात. मुलं फक्त तो जुलैमध्ये उघडतात.

तीव्र अमोनियाच्या द्रावणातला वायू उन्हाळाभर बाहेर पडायला धडपडतो. जुलैत कुणीतरी बाटली तोंडाजवळ धरून बूच फिरवतं आणि फवारा थेट डोळ्यांत जातो. ही बाटली उघडण्याआधी गार पाण्याच्या बादलीत अर्धा तास बसवायची आणि उघडताना तोंड बाजूला ठेवायचं, हे ज्याला ठाऊक आहे तो शिक्षक अनुभवी समजावा. अमोनियाच्याच फळीवर हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर दोघांच्या वाफा भेटून अमोनियम क्लोराइड तयार होतं. बाटल्यांवर, कपाटाच्या काचेवर, कोयंड्यावर बसलेला तो पांढरा थर अनेक प्रयोगशाळांत दिसतो. धूळ म्हणून तो पुसला जातो. खरं तर कपाट चुकीचं लावलं आहे, असं तो थर दर आठवड्याला लेखी कळवत असतो.

आणि कपाटं चुकीची लागतात कशी? सुबक लावण्याच्या हौसेने. इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे लावली की नोंदवहीशी पडताळायला सोपं जातं आणि तपासणीला आलेले साहेब खूश होतात. पण ॲसेटिक ॲसिडशेजारी अमोनियम नायट्रेट ही ए अक्षराची शेजारशेजारची दोन नावं आहेत. एक जळणारं, दुसरं जाळायला मदत करणारं. बाटल्या स्वभावाप्रमाणे लावाव्या लागतात: आम्लं एका ट्रेमध्ये खालच्या फळीवर, ज्वालाग्राही द्रव वेगळ्या बंद जागी, ऑक्सिजन पुरवणारे तिसरीकडे, पाण्याशी भांडणारा सोडियम चौथीकडे. सोडियम पूर्वी रॉकेलमध्ये असायचा. रेशनचं रॉकेल गेल्यापासून लिक्विड पॅराफिन वापरतात, आणि ते बरंच झालं, कारण ते रॉकेलसारखं उडून जात नाही.

पारा तर वेगळंच प्रकरण आहे. थर्मामीटर फुटतो, मणी टेबलाच्या फटीत जातात, मुलं दोन मणी तळहातावर खेळवतात, एखादा नाणं चकचकीत करून दाखवतो. नंतर मावशी झाडू मारतात. झाडूने पारा गोळा होत नाही. त्याचे आणखी बारीक मणी होतात आणि वाफ होण्यासाठी पृष्ठभाग वाढतो. बंद खोलीत हवेत मावू शकणारी पाऱ्याची वाफ 20 अंशांच्या तुलनेत 40 अंशांना चौपटीहून जास्त असते. मे महिन्यात बंद असलेल्या खोलीत फटीतला पारा काय करत बसतो, ते यावरून कळावं. मणी सिरिंजने ओढून पाण्याखाली बाटलीत ठेवायचे, फटीत गंधकाची पूड भरायची, दारं-खिडक्या उघडायच्या. आणि नवे थर्मामीटर अल्कोहोलचे घ्यायचे.

कपाटात अशा वस्तूही असतात, ज्यांना पंधरा-वीस वर्षांत कुणी हात लावलेला नसतो. जीवशास्त्रात ऊती टिकवण्याच्या द्रावणासाठी कधीतरी आणलेलं पिक्रिक आम्ल हे त्यातलं नमुनेदार उदाहरण. ते ओलं असतं तोवर निमूट असतं. वाळलं की स्फोटक, आणि धातूच्या झाकणाशी त्याचे जे क्षार तयार होतात ते त्याहून संवेदनशील. झाकण फिरवण्याचं घर्षणही पुरतं. उघडून ठेवलेलं ईथर हवा आणि उजेड यांच्या संगतीने पेरॉक्साइड बनवतं. ते आटून तळाशी गोळा झालं तर तीच गत. बारावीला कार्बोनिल संयुगं ओळखायला आपण वापरतो ते 2,4-डीएनपी, त्याचाही कोरडा साठा विश्वासाचा नाही. 2016 च्या शरद ऋतूत ब्रिटनमध्ये शाळांना याविषयी सावध केलं गेलं, तेव्हा शेकडो शाळांत लष्कराची बॉम्बनाशक पथकं जाऊन पोचली आणि काही ठिकाणी खेळाच्या मैदानावर खड्डा करून त्या बाटल्या उडवाव्या लागल्या. तिथली हवा थंड आणि दमट. आपल्याकडे वाळायला किती वेळ लागतो ते वडे-पापड घालणाऱ्या घराला सांगायला नको.

मग या बाटल्या कुणी काढून का टाकत नाही? इथे रसायनशास्त्र संपतं आणि कार्यालय सुरू होतं. अनुदानित शाळेत काम केलेल्यांना माहीत आहे की वस्तू आणणं सोपं, घालवणं अवघड. डेड स्टॉक रजिस्टर, साठा नोंदवही, निर्लेखनाचा ठराव, समितीच्या सह्या. एखाद्या शिक्षकाने हिय्या करून जुनी बाटली बाहेर काढलीच तर पुढचा प्रश्न: टाकायची कुठे? बेसिनमध्ये ओतली तर नाल्यात, नाल्यातून नाग नदीत. मागच्या अंगणात पुरली तर पुढच्या वर्षी तिथे वृक्षारोपण. शेवटी बाटली परत कपाटात जाते, आणखी एक उन्हाळा काढायला. यात त्या शिक्षकाला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्याला विल्हेवाटीचा रस्ताच दिलेला नाही त्याने काय करावं?

आता माणसाकडे येते. आपल्या शाळांत प्रयोगशाळा सहायक आणि प्रयोगशाळा परिचर अशी दोन पदं असायची. पगाराच्या यादीत परिचर सगळ्यांत खाली, पण कपाटाचा खरा जाणकार तोच. कोणतं बूच अडकतं, कोणत्या तिवईचा पाय हलतो, कोणत्या दिव्याची वात वर सरकते, कोणता मुलगा खिशात मॅग्नेशियमची फीत घालून नेतो, हे सगळं त्याच्या डोक्यात. एका शाळेतले परिचरभाऊ मला आठवतात. मे महिन्यात दर सोमवारी सायकल काढून ते शाळेत यायचे, फॉस्फरसच्या बाटलीत पाणी घालायचे, खिडकी तासभर उघडी ठेवायचे आणि कुलूप लावून जायचे. कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याची नोंद कुठे नव्हती. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल-श्रीफळ मिळालं आणि भाषणं त्यांच्या वक्तशीरपणावर झाली.

डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने खाजगी अनुदानित शाळांतली चतुर्थ श्रेणीची पदं यापुढे नियमित वेतनावर भरायची नाहीत आणि त्याऐवजी शाळेला ठरावीक शिपाई भत्ता द्यायचा, असं ठरलं. परिचराचं पद त्याच श्रेणीतलं. तिजोरीच्या बाजूने या निर्णयाचं समर्थन होऊ शकतं. मी अर्थतज्ज्ञ नाही. पण भत्त्यावर येणारा माणूस घंटा वाजवील, मैदान झाडील, पाणी भरील. कोणती बाटली गार करून उघडायची हे त्याला कोण शिकवणार, आणि शिकवलं तरी तो पुढच्या वर्षी असेल का? आग विझवायचं नळकांडं विकत आणता येतं. हे ज्ञान हातातून हातात जात होतं, आणि आता घेणारा हातच नाही.

अर्थात प्रॅक्टिकलचा तासही बिनधोक नसतो. शाळेत गॅसच्या बर्नरपेक्षा स्पिरिटचा दिवाच जास्त, आणि माझ्या मते शाळेतली सगळ्यांत फसवी वस्तू तीच. एप्रिलच्या सकाळपाळीत खिडकीतून लख्ख ऊन येत असतं. त्या उजेडात स्पिरिटची फिकट निळी ज्योत दिसत नाही. मुलगी म्हणते, "बाई, दिवा विझला," आणि शेजारचा मुलगा मदत म्हणून बाटलीतून स्पिरिट ओततो. वात तर पेटलेलीच असते; ज्योत धारेवरून उलटी चढून बाटलीत शिरते. दिवा विझला आहे असं वाटलं तरी काचेचं टोपण घालून थांबायचं, दिवा गार होऊ द्यायचा, टेबलापासून दूर नेऊन नरसाळ्याने भरायचा, आणि भरण्याचं काम मुलांकडे द्यायचंच नाही. वातीवर चिमूटभर मीठ टाकलं की ज्योत पिवळी होते आणि उन्हातही दिसते. जुने मास्तर हे करायचे. कारण सांगायचे नाहीत, पण करायचे.

मोठी बाटली आणि पेटलेली ज्योत एकत्र आल्यावर काय होतं याचं नीट नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिकडच्या शाळांत इंद्रधनुष्य नावाचा प्रयोग लोकप्रिय होता: वेगवेगळे क्षार बशीत घेऊन त्यावर मेथॅनॉल ओतून पेटवायचं, लाल-हिरव्या-जांभळ्या ज्योती दिसतात. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने डिसेंबर 2013 मध्ये, अशाच एका जुन्या अपघातात भाजलेल्या मुलीची हकिकत सांगणारी चित्रफीत काढून शाळांना सावध केलं. काही आठवड्यांतच, 2 जानेवारी 2014 रोजी, न्यूयॉर्कच्या बीकन हायस्कूलमध्ये तोच प्रयोग, तीच चूक, आणि एक विद्यार्थी गंभीर भाजला. शिकवणाऱ्यांपर्यंत इशारा पोचलाच नाही असं मानलं तरी एक गोष्ट उरते. त्या प्रयोगाला चमचाभर मेथॅनॉल पुरतं आणि मोठा कॅन वर्गात यायचंच कारण नसतं. तीच ज्योतपरीक्षा आपण प्लॅटिनमच्या तारेवर, किंवा ओल्या आगकाडीच्या टोकावर कणभर क्षार घेऊन करतो. रंग तेवढेच दिसतात. टाळ्या कमी पडतात.

टाळ्यांवरून आठवलं. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1982 साली याच शहरात सुरू झाली, आणि मंत्राने होम पेटवून दाखवणाऱ्या बुवांची पोल खोलणारे तिचे कार्यक्रम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. राखेत पोटॅशियम परमँगनेट, आणि तूप म्हणून ग्लिसरीन. हे शाळेतही करून दाखवतात, आणि दाखवावं. पण ज्यांनी हिवाळ्यात तालीम केली आणि एप्रिलमध्ये कार्यक्रम केला, त्यांना विचारा. जानेवारीच्या सकाळी ज्वाला यायला बराच वेळ लागतो; इतका, की करणारा वाकून बघतो किंवा आणखी ग्लिसरीन ओततो. उन्हाळ्यात मंत्राची पहिली ओळ संपायच्या आत भडका. त्याच दोन पुड्या, तेच हात. फक्त ऋतू वेगळा. तेव्हा तालीम ज्या दिवशी कार्यक्रम त्याच दिवशी, त्याच जागी करावी, वाकू नये, आणि दुसऱ्यांदा ओतू नये.

चष्म्याविषयी थोडं बोलते. ज्यांच्या नावाचा बर्नर आपण रोज वापरतो ते रॉबर्ट बन्सेन तरुणपणी आर्सेनिकच्या एका संयुगावर काम करत असताना स्फोट झाला आणि त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांचं चित्र असतं, ही गोष्ट नसते; ती सांगितली तर संरक्षक चष्मा घालायला मुलांना फार समजवावं लागत नाही, हा माझा अनुभव. बाकी ओढणी बांधणे, वेणी आत घेणे, परीक्षानळीचं तोंड कुणाकडे न करणे, पिपेटला तोंड न लावता रबरी फुगा लावणे, हे तक्त्यावर आहे आणि बरोबर आहे. फक्त एक जोड: पिपेट तोंडाने ओढायची सवय मुलं कुणाकडून उचलतात? समोर उभे राहून आपण ओढतो म्हणून. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे हे फळ्यावर लिहून त्याच तासाला पिपेट ओठांत धरणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

डोळ्यांत काही उडालं किंवा हात भाजला, की लगेच वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, डोळा पंधरा ते वीस मिनिटं, भाजलेला भाग वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही. जगभरची पुस्तकं हेच सांगतात आणि तसा नळ बसवायला सांगतात. आता एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता शाळेचा नळ सोडून हात धरून पाहा. गच्चीवरची काळी टाकी, उन्हातून आलेले पाइप. त्या पाण्याने चहाचे कप विसळावेत, डोळा धुऊ नये. म्हणजे तपासणीच्या यादीत नळ आहे, खूण झाली, आणि ऐनवेळी त्यातून येतं ते चटका देणारं पाणी! यावरचा आपला उपाय आपल्या घरात आहे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मोठा मातीचा रांजण, त्याला तोटी, रोज सकाळी ताजं पाणी, झाकण, आणि शेजारी स्वच्छ मग. पुरेसा मोठा असेल तर वीस मिनिटांची बारीक धार सहज निघते. आगीसाठी वाळूच्या बादल्या आणि अंगावर पेट घेतलेल्यासाठी जाड लोकरी घोंगडी. घोंगडी खरीच लोकरीची हवी. हल्ली मिळणारी कृत्रिम धाग्याची ब्लँकेटं स्वतःच वितळतात.

उन्हावरचे सगळेच घरगुती उपाय मात्र चालत नाहीत. ईथर उडतं म्हणून कुणी ते शिक्षककक्षातल्या साध्या फ्रीजमध्ये ठेवलं तर ते कपाटापेक्षा वाईट. फ्रीजच्या आत तापमान नियंत्रणाचं बटण चालू-बंद होताना ठिणगी पडते, आणि बंद पेटीत ईथरची वाफ भरलेली असते. असे फ्रीज उडाल्याची उदाहरणं जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. डबे ठेवायचे तेवढेच त्यात ठेवावेत, आणि ते डबेही प्रयोगशाळेत उघडू नयेत. ईथर मुळात आणूच नये, हा माझा सल्ला. शालेय पातळीवर त्याच्यावाचून काही अडत नाही.

इथपर्यंत ऐकून एखादे मुख्याध्यापक मनात म्हणत असतील की एवढ्या भानगडीपेक्षा प्रयोगशाळेला कुलूप लावलेलं बरं. दुर्दैवाने हे अनेक ठिकाणी झालंच आहे. दहावीच्या प्रात्यक्षिकाचे 20 गुण जर्नलच्या नक्कलेवर आणि तोंडओळखीवर मिळतात, मग धोका कशाला? पण कुलूप लावल्याने कपाट रिकामं होत नाही. मघापासून मी ज्या धोक्यांविषयी बोलते आहे, ते बहुतेक कुलपाआडचेच आहेत. जिथे आठवड्याला चार तास प्रयोग होतात तिथे फॉस्फरसचं पाणी आटलेलं दिसतं, पांढरा थर दिसतो, गंज दिसतो. वापरातली प्रयोगशाळा ही बंद प्रयोगशाळेपेक्षा सुरक्षित असते, हे मी जबाबदारीने सांगते.

धोका कमी करायचा तर प्रमाण कमी करावं. आपल्याच शहरात महापालिकेच्या शाळांतली मुलं अपूर्व विज्ञान मेळाव्यात फुगे, स्ट्रॉ, बाटल्या, चुंबक असल्या क्षुल्लक सामानातून प्रयोग मांडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः समजावून सांगतात. राष्ट्रभाषा भवनातली ती गर्दी ज्यांनी पाहिली असेल त्यांना उपकरणांच्या किमतीचा आणि शिकण्याचा संबंध किती ढिला आहे हे पटेल. रसायनशास्त्रातही हेच करता येतं. गोळ्या संपलेल्या रिकाम्या पाकिटाचे खळगे धुऊन घ्यावेत, एकेका खळग्यात ड्रॉपरने तीन-चार थेंब टाकावेत. अवक्षेप दिसतो, रंग बदलतो, बुडबुडे येतात. परीक्षानळीत ज्याला पाच मिलिलिटर लागायचं त्याला तिथे पाव मिलिलिटरही लागत नाही. उडालं तर थेंब उडतो. साठ मुलांच्या तुकडीत प्रत्येकाच्या हाताला काम मिळतं, आणि कपाटात अर्ध्या लिटरच्या बाटल्या ठेवायची गरज उरत नाही. शंभर मिलिलिटर आणायचं, मार्चपर्यंत संपवायचं, नोंदवहीत शून्य करून उन्हाळ्याला सामोरं जायचं.

कायद्याचा आधारही आहे. ॲसिडहल्ल्यांच्या संदर्भात लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2013 रोजी दिलेल्या आदेशात शाळा-महाविद्यालयांसाठीही स्पष्ट सूचना आहेत: आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवायची आणि ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करायची, साठ्याची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीवर द्यायची, आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करायची. आदेश आला तो वेगळ्याच, फार क्रूर कारणाने. पण त्यातली नेमलेली व्यक्ती ही कल्पना मला मोलाची वाटते, कारण परिचर गेल्यापासून कपाटाला मालकच नाही. त्या व्यक्तीला नेमताना दोन तासांचं प्रशिक्षण आणि निर्लेखनाचा अधिकार, दोन्ही एकाच कागदावर द्यावेत.

आणि प्रशिक्षण द्यायला नागपूरइतकी सोयीची जागा देशात क्वचितच असेल. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या, 1898 साली स्थापन झालेल्या खात्याचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. देशभरचे अग्निशमन अधिकारी जिथे तयार होतात ते राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय 1957 पासून इथे आहे. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, 1942 पासूनची लक्ष्मीनारायण ही तंत्रशिक्षण संस्था आहे, 1906 पासूनची विज्ञान संस्था आहे. घातक कचऱ्याच्या शास्त्रीय विल्हेवाटीचं केंद्र बुटीबोरीला आहे. नाही ते एवढंच: शाळेतल्या बाईंनी फोन उचलून विचारायचा एक क्रमांक. ब्रिटनमध्ये क्लीप्स नावाची संस्था 1963 पासून नेमकं हेच काम करते. शिक्षक विचारतात, हा प्रयोग करू का, ही बाटली कशी टाकू, आणि पलीकडून रसायनशास्त्र जाणणारा माणूस उत्तर देतो. 2016 चा तो इशाराही त्यांच्याचकडून गेला होता. आपल्याकडे सुरुवातीला निवृत्त शिक्षकांनी आळीपाळीने हा फोन सांभाळावा. या सभागृहात अशी वीसेक डोकी मला आत्ताच दिसत आहेत, आणि दुपारी चार ते सहा आपल्यापैकी कुणालाच फार काम नसतं. वर्षातून एकदा, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, शहरातल्या शाळांनी नको असलेल्या सामान्य बाटल्या यादीसह एका ठिकाणी आणाव्यात आणि तिथून एकच गाडी बुटीबोरीला जावी. गाडीचा खर्च कुणी करायचा हे संस्थाचालक मंडळी पहिल्या रांगेत आहेत त्यांनी ठरवावं.

सामान्य म्हटलं ते मुद्दाम. पिक्रिक आम्ल, जुनं ईथर किंवा तळाशी स्फटिक दिसणारी कुठलीही बाटली कपाटात आढळली, तर ती गाडीत घालायची नाही, हलवायची नाही, झाकणाला हात लावायचा नाही, फोटोसाठीही उचलायची नाही. कपाट हळूच लावा, खोली बंद करा, दारावर कागद चिकटवा, मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि अग्निशमन दलाला फोन करा. ते येईपर्यंत त्या मजल्यावर वर्ग भरवू नका. अध्यक्षांची परवानगी असेल तर आता प्रश्न घेते. मागच्या रांगेपासून सुरू करू या.